जनान्यातला हौद

माझ्या आईला कुणी विचारलं, "लेक काय करतो?" की ती सांगायची, "निजाम सरकारच्या तामीरातीत हाय." तामीरात म्हणजे बांधकाम खातं. ऐकणाऱ्याला वाटायचं, पोरगं पूल बांधतंय, कचेऱ्या बांधतंय. तिनं तो गैरसमज मरेपर्यंत जपला. मी बांधत होतो मोऱ्या, संडास आणि त्यांच्या घाणीचे हौद. लातूरच्या आमच्या गल्लीत हे कळलं असतं तर माझं लग्न जमणं अवघड गेलं असतं, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. लग्न झाल्यावर मी बायकोला खरं काय ते सांगून टाकलं. ती म्हणाली, "मग घरी आल्यावर आधी आंघोळ करत जा, दुसरं काय!" एवढ्यावर ते प्रकरण मिटलं.

या धंद्यात मुळात एकच अक्कल लागते, ती उताराची. पाणी आपण होऊन खाली जातं आणि सोबत घाण घेऊन जातं. नळीला उतार फार दिला तर पाणी पुढं पळतं आणि गाळ मागं राहतो. कमी दिला तर दोघंही मुक्काम ठोकतात. इमारत उंचावर आणि गटार खाली असेल तर माझ्यासारख्या ओव्हरसियरला फारसं डोकं चालवावं लागत नाही. पंचाईत होते ती इमारत खोलात आणि गटार वर असतं तेव्हा. मग सगळी घाण आधी इमारतीच्या पायथ्याशी एका हौदात जमवायची, आणि तिथून पंपानं उचलून उंचावर नेऊन सोडायची. हौद लहान केला तर पंप घडीघडी सुरू करावा लागतो. मोठा केला तर घाण आत सडत पडते. आणि पंप बंद पडला तर काय, याचं उत्तर कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी तयार पाहिजे.

इंग्रजी पुस्तकांतून मी हे सगळं शिकलो. त्या पुस्तकांत माणशी पाणी किती, नळी केवढी, सगळं व्यवस्थित दिलेलं होतं. पण ती ज्यांच्यासाठी लिहिली ती माणसं संडासात कागद टाकत. आमच्याकडं कागद पोरांना शाळेत मिळायची मारामार. आमच्या नळ्यांत येत ती भांडी घासलेली राख, चुलीसमोरची माती, लिंबाच्या काड्या आणि नारळाच्या शेंड्या. नळीत काय येणार हे माणसांना विचारल्याशिवाय कळत नाही, आणि ही गोष्ट अशी की विचारायची सोय नाही.

लातूरच्या गंजातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका अडत्यानं नव्या तीनमजली इमारतीत मोठ्या हौसेनं असा पंप बसवून घेतला होता. तळघरात मुनीम-दिवाणजींची राहायची सोय, म्हणून पंप. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस धावत आला, पंप बंद पडला म्हणून. जाऊन पाहतो तर हौदातून झेंडूची माळ, शेंडीसकट नारळ आणि केळीचं अख्खं पान निघालं. शेटजी शांतपणे म्हणाले, "साहेब, वर्षभर बिचारा आमची घाण उचलून राहिला. खंडेनवमीला तराजूला फूल वाहायचं आन् ह्याला उपाशी ठेवायचं, हे बरं दिसतंय का?" मी त्यांना सांगितलं की पूजा पंपाची करा, नैवेद्य मात्र स्वतः खा. त्यांना ते पटलं; पण पुढं कित्येक वर्षं मला पाहिलं की विचारायचे, "चालंल म्हणता ना, न जेवता?"

हे हसण्यावारी गेलं. नांदेडचं प्रकरण तसं जाणार नव्हतं.

निजामाचं राज्य संपायला अजून काही वर्षं होती आणि माझी बदली नांदेडच्या कचेरीत झाली होती. नांदेडला गोदावरीच्या अंगाला, सखल जागेत एक जनाना दवाखाना होता, बायकांचा. भिंती उंच, दार एक, आणि दाराला जाड पडदा. पडद्याच्या आत पुरुषाचं पाऊल पडायचं नाही. आमच्याकडं त्याला गोशा म्हणत, आणि तो काही फक्त मुसलमान घरांत होता असं नाही. देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांतून तितकाच कडक होता. गोशा पाळला जातो म्हणूनच लोक आपल्या लेकी-सुना तिथं बाळंतपणाला आणायला लागले होते. नाही तर घरच्या अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या भरवशावर जे व्हायचं ते व्हायचं.

दवाखाना चालवायच्या डॉक्टर मार्थाबाई. नगरकडच्या ख्रिस्ती, पांढरं पातळ, पायात पुरुषी जोडा आणि बोलणं सरळसोट. दवाखान्याचं सांडपाणी एका नाल्यात जायचं आणि नाला नदीत. पावसाळ्यात गोदावरी चढली की नाल्यातलं पाणी उलटं फिरायचं आणि मोरीच्या तोंडातून वॉर्डात यायचं, सगळी घाण घेऊन. म्हणून दरवर्षी नदी चढली की वॉर्ड बंद. बायकांना बैलगाड्यांत घालून घरी पाठवायचं. त्यातल्या काही घरापर्यंत पोचत, काही पोचत नसत.

मार्थाबाई आमच्या कचेरीत येऊन माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या होत्या. म्हणाल्या, "मला औषधं कमी द्या, नर्सा कमी द्या. पण यंदा मी वॉर्ड बंद करणार नाही. ते पाणी थांबवा."

मी आराखडा केला. नाल्याच्या तोंडावर लोखंडी झडप. नदी चढली की ती मिटेल आणि पाणी आत येणार नाही. पण मग आतलं बाहेरही जाणार नाही, म्हणून आतल्या चौकात, सगळ्यांत खोल जागी, एक हौद. हौदातून एक नळी भिंतीखालून बाहेरच्या खोलीत, तिथं तेलाच्या इंजिनावर चालणारा पंप. पंप ती घाण उचलून मागच्या टेकाडावरच्या बंद टाकीत टाकणार, आणि टाकीतलं निवळलेलं पाणी पुढं शेतात. इंजीन मुद्दाम भिंतीबाहेर ठेवलं, म्हणजे चालवणाऱ्या पुरुषाला आत जायला नको. हौदातली जाळी साफ करायला आत लालीबाई होती. ती दवाखान्याची मेहतराणी. आजवर ती वॉर्डातला मैला पाटीत भरून, डोक्यावर घेऊन नाल्यापर्यंत नेत असे. ती पाटी बंद होणार या गोष्टीचा मला आराखड्यातल्या कुठल्याही रेघेपेक्षा जास्त आनंद होता.

आमचे बडे साहेब हैदराबादला बसून उंटावरून शेळ्या हाकत. त्यांनी उर्दूत शेरा मारला की एवढा खर्च करण्यापेक्षा वॉर्ड पावसाळ्यात बंद ठेवणं सोयीचं. मार्थाबाई आगगाडीनं हैदराबादला गेल्या आणि मंजुरी घेऊनच परत आल्या. त्यांनी तिथं काय केलं हे मला कधी कळलं नाही, पण बड्या साहेबांनी पुढं या कामात एकही शेरा मारला नाही.

पंप विलायती होता. त्याच्यावरच्या पितळी पट्टीवर इंग्रजीत लिहिलं होतं की हा पंप कधीही तुंबत नाही. तो चुकून मुदखेड जंक्शनला उतरवला गेला आणि तिथं आठवडाभर फलाटावर पडून राहिला. तिथल्या एका हमालानं त्याला शेंदूर लावायच्या आधी आम्ही तो सोडवून आणला. इंजिनावर हुसेनमिया होते, दाढी पिकलेली, कानानंच इंजीन दुरुस्त करणारे. त्यांनी ती पितळी पट्टी वाचून घेतली आणि म्हणाले, "ओव्हरशेरसाब, जो चीज कधी बिगडत न्हाई, त्याला दुरुस्त करायची हिकमत कुणाला ठावं राहत न्हाई. जरा संभालून."

पावसाळा लागला. नदी एकदा थोडी चढली, झडप मिटली, पंप चालला, वॉर्ड कोरडा राहिला. मार्थाबाईंनी भिंतीपलीकडून चहा पाठवला. मी फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू.

श्रावण संपता संपता नायगावकडच्या एक देशमुखीणबाई आपल्या सुनेला घेऊन आल्या. पडद्याची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, पुढं-मागं गडी, सोबत स्वयंपाकीण आणि पाण्याचे स्वतःचे हंडे. सुनेचे दिवस भरत आले होते, पण अंगावरून जात होतं. मार्थाबाईंनी तिला खाटेवर आडवं केलं ते उठू दिलं नाही. हे तिसरं बाळंतपण. आधीची दोन मुलं घरी, जन्मल्या दिवशीच गेली होती. मार्थाबाई मला म्हणाल्या, "ही पोर हलवली तर वाटेतच संपेल. आणि या खेपेला काही झालं तर ती सासू पुन्हा आपल्या भागातली एकही बाई माझ्याकडं येऊ देणार नाही. नदी चढली तर तुमचा पंप चालला पाहिजे."

आणि नदी चढली. वरच्या बाजूला चांगलाच पाऊस झाला असणार, कारण नांदेडात धड भुरभूरही नव्हती आणि घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या. पलीकडं जायची वाट बंद. देशमुखीणबाईंना आता मनात आणलं तरी सुनेला गावी नेता येणार नव्हतं.

दुपारी हुसेनमियांचा माणूस कचेरीत आला. पंप फिरत होता पण पाणी चढत नव्हतं. मी पळत गेलो. हुसेनमियांनी इंजीन बंद करून कान नळीला लावला होता. म्हणाले, "दम घुटतोय त्याचा. आतून तोंड बंद झालंय. मशीनमध्ये कायबी न्हाई." म्हणजे दुखणं होतं हौदात, नळीच्या तळाच्या तोंडाशी, आणि हौद होता जनान्यात.

मी दाराच्या पडद्याशी जाऊन मार्थाबाईंना हाक मारली. त्या आल्या तेव्हा त्यांच्या पातळाचा काठ ओला होता. "मोरी भरली. चौकात पाणी आलंय, वॉर्डाच्या उंबऱ्याला लागलंय. लालीबाई आकडा घालून बघते आहे, तिच्यानं निघत नाही."

निघणार नव्हतंच. नळीच्या तळाला एक जड झडप असते, पाणी परत खाली पडू नये म्हणून. ती साखळीनं वर ओढून, पान्यानं खोलून साफ करावी लागते. मी हुसेनमियांकडं पाहिलं. त्यांनी दोन्ही हात कानाला लावले. "जनान्यात? तौबा. माझा बाप कबरीतून उठून येईल, साब. तुम्ही म्हणाल तर नदीत उडी टाकतो." म्हणजे राहिलो मी.

"मी आत येतो," मी म्हणालो.

पडद्याआडून दुसराच आवाज आला, ठसठशीत, हुकूम द्यायची सवय असलेला. "कोण येतंय आत? पुरुष माणूस? माझी सून हाय आत. अंगावर धड कपडा न्हाई तिच्या. न्हाई यायचं."

"देशमुखीणबाई," मार्थाबाई म्हणाल्या, "पाणी आत आलं तर तिची खाट उचलावी लागेल. आणि ती हलवायची नाही."

"मग पंप बाहेरून चालवा. तुमचंच म्हणणं व्हतं ना, बाप्या माणूस आत यायचं काम न्हाई म्हणून?"

ते म्हणणं माझं होतं. आराखड्यात मी ते मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. मी पडद्याकडं तोंड करून जेवढ्या अदबीनं सांगता येईल तेवढं सांगितलं की नळी आतूनच मोकळी करावी लागेल, दुसरा इलाज नाही. पाण्याचा चुबुकचुबुक आवाज तेवढा येत होता. माझ्या तर गळ्याशी पाणी आलं होतं.

मग देशमुखीणबाई म्हणाल्या, "गोशा मोडायचा न्हाई. पण गोशा बायांनीच घ्यावा असं कुठं लिवून ठेवलंय? ह्यांनाच घाला गोशात."

आणि त्यांनी मला गोशात घातलं. दवाखान्याची जाड चादर डोक्यावरून पायापर्यंत, आणि मार्थाबाईंनी चादरीवरून माझा दंड धरलेला. नऊवारी नेसलेल्या नव्या नवरीसारखा अडखळत मी त्या पाण्यातून चाललो. हातात पाना, पायाखाली काय येतंय ते न पाहिलेलं बरं. कुठल्या तरी खाटेवरून एक पोरगी फिस्सकन हसली आणि दुसरीनं तिला दटावलं. मला त्या हसण्याचा राग आला नाही, उलट धीर आला.

हौदापाशी चौघी बायकांनी चारी बाजूंनी चादरी ताणून धरल्या, लग्नात अंतरपाट धरतात तशा. आत मी आणि लालीबाई. मग मला डोक्यावरची चादर काढायची परवानगी मिळाली. आम्ही दोघांनी साखळी ओढली. झडप वर आली ती तोंडात बोळा कोंबल्यासारखी. मी खोलून ओढायला लागलो. कापड निघालं. चांगलं, घट्ट विणीचं, घरचं कापड, फाडून त्याच्या पट्ट्या केलेल्या, आणि प्रत्येक पुरचुंडीला गाठीवर गाठ मारलेली. रक्तानं काळं पडलेलं. हे चुकून पडलेलं नव्हतं. कुणीतरी नीट बांधून, मुद्दाम टाकलं होतं.

लालीबाईनं ते पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मी न्हाई साब. हे ज्या खाटेचं, तिथलं एक चिंधूकबी मला हाताला लागू देत न्हाईत."

आता मला एक गोष्ट कळणं भाग होतं. अशा किती पुरचुंड्या टाकल्या? सगळ्या झडपेत अडकल्या होत्या की काही पुढं नळीत गेल्या? नळीत एखादी राहिली आणि मी इंजीन सुरू करायला सांगितलं, तर ती वळणावर अशी घट्ट बसली असती की भिंत फोडल्याशिवाय निघाली नसती. मी चादरीच्या आतून मोठ्यानं विचारलं, "हे कापड कुणाचं आहे? मला फक्त किती टाकली ते सांगा."

कुणी बोललं नाही. चादर धरणाऱ्या बायकासुद्धा माना पलीकडं वळवून उभ्या राहिल्या. बायकांच्या कपड्यांबद्दल परक्या पुरुषानं असं भर चौकात विचारणं, हे त्या काळी काय होतं ते आज सांगून कळायचं नाही. मी पुन्हा विचारलं. मग म्हणालो, "बाई, मी रागवायला विचारत नाही. आकडा कळला नाही तर पंप चालू करता येत नाही."

चादरीला अगदी लागून आवाज आला. मघाचाच, पण आता त्यातला हुकूम गेला होता.

"माझं हाय."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"दोन लेकरं गेली, साहेब. दोन्ही येळा सुईण कपडे घेऊन गेली. म्हणाली, पुरते. कुठं पुरले, कुणाच्या हाती दिले, कुणाला ठावं? आमच्या घरावर डूख धरणारे काय कमी हायेत? कुणीतरी त्या कापडावर करणी करून राहिलंय, असं मला सांगितलं. म्हणून म्हटलं, ह्या खेपेला एक धागाबी कुणाच्या हाती लागू द्यायचा न्हाई. घरी असते तर जाळलं असतं. इथं जाळू कुठं? मग हे तुमचं यंत्र बघितलं. जाळी उचलून सोडलं की गेलं ते गेलं, परत दिसत न्हाई. मला वाटलं, देवानंच धाडलंय."

मी आयुष्यात बरीच यंत्रं बसवली. त्यांच्यावर इतका विश्वास कुणी टाकला नाही. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. करणीवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण दोन नातवंडं मातीत घातलेल्या बाईला, पाण्यात उभं राहून, ते समजावून सांगायची ही वेळ नव्हती.

"किती टाकली, बाई?"

त्यांनी आकडा सांगितला. मी समोरच्या पुरचुंड्या मोजल्या. एक कमी होती.

"ऐका," मी म्हणालो. "एक अजून नळीत आहे, ती मी काढतो. यातली एकही चिंधी कुणाच्या हाती जाणार नाही. चादरीखालून तुमच्याच हातात देतो. तुम्ही डोळ्यांसमोर जाळा."

"कुणी बघितलं तर न्हाई ना?"

"कोण बघणार? मलाच तुम्ही गोशात ठेवलंय."

चादरीच्या पलीकडं कुणीतरी खुदकन हसलं. मला वाटतं, त्याच हसल्या.

लालीबाईनं पोटावर पडून आकडा नळीत घातला. मी नळीला वरून पान्यानं ठोकत राहिलो. नळीच्या वळणाशी काहीतरी लागत होतं आणि सुटत होतं. पाणी आमच्या पिंढऱ्यांपर्यंत आलं. मार्थाबाई वॉर्डातून ओरडल्या की पाणी उंबऱ्याच्या वर आलं. लालीबाई तोंडानं काहीतरी पुटपुटत होती, शिव्या की देवाचं नाव, कोण जाणे. मग तिचा हात झटक्यानं मागं आला आणि आकड्याला शेवटची पुरचुंडी लटकलेली दिसली. ती मी चादरीखालून पुढं केली. बांगड्या भरलेला एक हात आला आणि घेऊन गेला.

झडप जोडली, नळी खाली सोडली. पंपात पाणी भरायला सांगितलं आणि भिंतीकडं तोंड करून ओरडलो, "हुसेनमिया, चालू करा!" इंजीन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि लागलं. मी हौदाच्या भिंतीकडं पाहत उभा राहिलो. आधी काहीच होईना. मग ओल्या विटेची एक रेघ दिसली, मग दुसरी. पाणी उतरत होतं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या हौदापाशी कळलं. मी तिथंच, त्या घाणीत, विटांच्या कडेला बसून घेतलं. लालीबाई म्हणाली, "उठा साब, कपडे खराब होतील," आणि मग माझ्या कपड्यांकडं बघून तोंडाला पदर लावला.

खाट हलवावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी दिवस बराच वर आल्यावर मुलगी झाली. लहानखोर, पण आवाज असा की भिंतीबाहेर हुसेनमियांनी इंजिनाच्या आवाजातून ओळखला. पूर ओसरेपर्यंत पंप चालला आणि त्या पावसाळ्यात वॉर्ड एक दिवसही बंद राहिला नाही. मार्थाबाईंनी या वेळी चहा भिंतीपलीकडून पाठवला नाही. स्वतः बाहेर येऊन दिला, आणि माझ्या शेजारी ओट्यावर बसून स्वतःही प्यायल्या.

पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. मोठा पंप आणून, बारीक जाळी लावून हे दुखणं जाणार नव्हतं. देशमुखीणबाई एकट्या नव्हत्या. मार्थाबाईंनी मग वॉर्डातल्या बायकांना बोलतं केलं, तेव्हा कळलं की कितीतरी जणींच्या मनात तीच भीती होती आणि कितीतरी जणींनी आमच्या हौदाकडं त्याच आशेनं पाहिलं होतं. म्हणून मी चौकाच्या कोपऱ्यात एक लहानशी भट्टी बांधली. पक्क्या विटांची, वर धुरांडं, पुढं लोखंडी झाकण, आणि झाकणात मुठीएवढं भोक, म्हणजे जिचं कापड तिला ते जळताना आपल्या डोळ्यांनी पाहता यावं. हैदराबादहून विचारणा झाली की सांडपाण्याच्या कामात भट्टी कशासाठी. मी उत्तर लिहिलं की भट्टी नसेल तर पंप चालत नाही. ते खरंच होतं. पुढं जिथं जिथं जनाना इमारतीचं काम आलं, तिथं मी हौदाच्या आधी भट्टीची जागा आखली. एवढं एकच मी पुस्तकाबाहेरचं शिकलो, आणि त्याचा मला अभिमान आहे.

एक सल मात्र राहिला. लालीबाईच्या डोक्यावरची पाटी गेली, याचा आनंद मी कितीदा बोलून दाखवला असेन. पण हौद तुंबला की आत उतरायला तिलाच बोलावत, तिच्यामागं तिच्या मुलीला, आणि मी नोकरीतून उतरलो तेव्हाही ते बदललं नव्हतं. ते बदलणारी नळी मला सुचली नाही.

देशमुखीणबाई निघाल्या तो दिवस सांगतो. पलीकडची वाट मोकळी झाली होती, दमणी दाराशी उभी होती. भट्टीचं धुरांडं नीट ओढतं की नाही ते पाहायला मी आलो होतो, आणि मार्थाबाईंनी मला रीतसर चादर पांघरवून आत, कोपऱ्यात उभं केलं होतं. एव्हाना मी त्यातून थोडं बघायला शिकलो होतो. सून लेकराला घेऊन पुढं गेली. देशमुखीणबाई मागं राहिल्या. हातात शेवटच्या कपड्यांची पुरचुंडी, तशीच गाठीवर गाठ मारलेली. आजवर प्रत्येक पुरचुंडी त्यांनी स्वतः नेली होती, आधी शेगडीवर आणि मग भट्टीत, राख होईपर्यंत समोर बसून. लालीबाई भट्टीचं झाकण उघडून बाजूला झाली.

देशमुखीणबाई तिच्याकडं बघत उभ्या राहिल्या. मग पुरचुंडी पुढं केली. वरून टाकली नाही, हातात दिली.

"घे. तूच टाक."

लालीबाईनं झाकणाच्या भोकाकडं बोट दाखवलं. "बाईसाब, बघून घ्या ना. साबनं त्यासाठीच तर बनवलंय."

"न्हाई," देशमुखीणबाई म्हणाल्या, "नात वाट बघून राहिली," आणि पाठ फिरवून भराभर चालत्या झाल्या. मी मोठ्या हौसेनं ठेवलेल्या त्या भोकातून बघायला त्या थांबल्यासुद्धा नाहीत.